सत्ताविसाव्या वर्षी सर्फिंग: पाच दिवस, शंभर वेळा पडणं आणि एक चूक

(हा आपल्या नव्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना लोकलमध्ये, मेसमध्ये किंवा मीटिंगमध्ये इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'अं…' आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्या आहेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

००:०० – सुरुवात

मागच्या भागात मी म्हणालो होतो की एक आठवडा सुट्टी घेतोय, लॅपटॉप घरी ठेवतोय. त्यावर तुमचे मेसेज आले की "कुठे गेलास ते तरी सांग." तर मी मुलकीला गेलो होतो. कर्नाटकात मंगळूरच्या थोडं उत्तरेला, शांभवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे छोटं गाव. कोकण रेल्वेवर त्याचं स्टेशन आहे, मी मात्र बंगळुरूहून रात्रीच्या बसने गेलो. कशासाठी? सर्फिंग शिकायला.

हो, मीच. लातूर जिल्ह्यातला. जिथे समुद्र भूगोलाच्या पुस्तकात असतो आणि उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, तिथला.

हे प्रवासवर्णन नाही बरं का. लाट म्हणजे नेमकं काय, फळीवर उभं राहायचं कसं, पडायचं कसं, आणि समुद्र माणसाला आत ओढतो तेव्हा काय करायचं, हे सगळं मला जसं कळलं तसं सांगतो. शेवटचा मुद्दा मला स्वतः चूक करून कळला. तो भाग टाळून पुढे जाऊ नका.

०२:१० – आधी घरची गोष्ट

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. कमरेला कासरा बांधायचा, पाठीला रिकामा डबा, आणि काका वरून ढकलणार. मीही दोन उन्हाळे असाच डुंबलो. मग मी दहा वर्षांचा असताना माझा आत्येभाऊ धरणाच्या पाण्यात गेला, तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी हा विषय बंद झाला. शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली, मी घरी होतो. इंजिनिअरिंगला मित्र गोव्याला गेले, मी किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो.

गेल्या वर्षी सोसायटीच्या तलावात रीतसर पोहायला शिकलो. सहा महिने लागले. बाजूच्या लेनमध्ये सात वर्षांची पोरं सुळकन पुढे जायची आणि मी भिंत धरून श्वास घेत उभा. पण शिकलो. आणि मग वाटलं, एवढं केलंच आहे तर ज्याची खरी भीती वाटते तिथे जाऊ.

आईला सांगितलं, ऑफिसच्या कामाने मंगळूरला चाललोय.

०४:३० – लाट म्हणजे पाणी नव्हे

पहिल्या दिवशी आमच्या शिक्षकांनी (सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन) फळीला हात लावू दिला नाही. वाळूत बसवलं आणि वीस मिनिटं नुसता समुद्र बघायला लावला. मला वाटलं, फी घेऊन हे काय चाललंय! नंतर कळलं की सगळ्यात महत्त्वाचा धडा तोच होता.

ज्वारीचं उभं पीक डोळ्यांसमोर आणा. वारा आला की शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लहर धावते. पण ताट जागच्या जागीच डोलतं, एकही धांडा बांधापर्यंत चालत जात नाही. समुद्राचं तसंच आहे. खोल समुद्रात लाट पुढे जाते, म्हणजे ऊर्जा पुढे जाते. पाणी साधारण जागच्या जागी गोल फिरतं.

ही ऊर्जा येते वाऱ्यातून. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांब पट्ट्यावर वाहिला, यावर लाट ठरते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या लांब, संथ लाटांपैकी काही तर खाली दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मतात. मी हॉस्टेलच्या कॉटवर पडून हिशोब केला. दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचं अंतर असेल तर अशा लाटांचा गट खोल पाण्यात ताशी साधारण ३९ किलोमीटर वेगाने सरकतो. वादळ ६००० किलोमीटरवर झालं असेल तर लाट आपल्यापर्यंत पोचायला सहा दिवसांच्या वर लागतात. म्हणजे मी बंगळुरूत सुट्टीचा अर्ज करत होतो तेव्हा 'माझी' लाट निघालेली असू शकते. हे कळल्यावर मला उगाच भारी वाटलं.

केरळमध्ये अशा लांबून आलेल्या उधाणाला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. इथे वारा पडलेला, आकाश निळं, आणि अचानक पाणी वस्तीत. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते, शिवाय रोजचा लाटांचा अंदाजही देते. फुकट आहे, मोबाईलवर दिसतो. समुद्रावर जाण्याआधी बघायची सवय लावा.

मग लाट फुटते का? किनाऱ्याजवळ पाणी उथळ होतं, लाटेच्या खालच्या भागाला तळ लागतो आणि ती मंदावते. मागून येणारं मात्र येतच असतं, त्यामुळे लाट उंच होत जाते. पळता पळता ठेच लागली की पाय मागे राहतात आणि डोकं पुढे जातं, तसं. ढोबळ नियम असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट उरली की लाट कोसळते. कोसळल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्यात मात्र पाणी खरोखर पुढे येत असतं. नवशिक्याचं पहिलं वाहन म्हणजे हा फेस. न फुटलेली लाट नंतर.

०७:४५ – सकाळीच का?

शाळेच्या भूगोलातले 'खारे वारे आणि मतलई वारे' आठवतात? दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे. रात्री उलटं, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. मी पाठ केले, मार्क मिळवले, विसरलो. मुलकीला पहिल्यांदा त्यांचा उपयोग झाला. पहाटे मतलई वारा लाटेला समोरून हलकासा टेकू देतो, म्हणून लाट उशिरा फुटते आणि नीटनेटकी दिसते. दुपारी खारे वारे सुटले की सगळा समुद्र खिचडी. म्हणून वर्ग सकाळी साडेसहाला. माझ्यासारख्या नऊला उठणाऱ्या माणसासाठी हीच पहिली परीक्षा.

०९:०० – फळी, दोरी आणि वाळूतला सराव

व्हिडिओत दिसते ती छोटी, टोकदार, चकचकीत फळी आपल्यासाठी नाही. नवशिक्याला मिळते आठ-नऊ फुटांची, वरून मऊ फोम असलेली. कारण आर्किमिडीज. फळी जेवढी मोठी तेवढं जास्त पाणी ती बाजूला सारते, तेवढी ती जास्त तरंगते आणि कमी डगमगते. डोक्यावर आपटली तरी फोम थोडा दयाळू असतो.

फळीच्या मागच्या टोकाला एक दोरी असते, तिला लीश म्हणतात. दुसरं टोक आपल्या मागच्या पायाच्या घोट्याला. पडलात तरी फळी जवळ राहते, आणि ती सुटून दुसऱ्याच्या तोंडावर जात नाही. ती बांधताना मला एकदम कासरा आठवला.

मागचा पाय कोणता? अण्णांनी मला सरळ उभं केलं, आणि बेसावध असताना पाठीत हळूच ढकललं. तोल सावरायला जो पाय पुढे आला तो पुढचा. माझा डावा आला. डावा पुढे असणाऱ्यांना 'रेग्युलर' म्हणतात आणि उजवा पुढे असणाऱ्यांना 'गूफी'. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही.

मग वाळूत फळीचा आकार काढून उठण्याचा सराव. याला पॉप-अप म्हणतात:

१. पोटावर झोपायचं, पाय जुळलेले, छाती थोडी वर, नजर समोर.
२. तळहात बरगड्यांच्या बाजूला सपाट. फळीच्या कडा धरायच्या नाहीत.
३. हातांनी जोर देऊन छाती उचलायची, भुजंगासनासारखी.
४. एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे. पुढचा पाय दोन हातांच्या मधे, मागचा पाय फळीच्या शेपटीकडे.
५. गुडघे वाकलेले, कंबर सरळ, हात मोकळे. आणि बघायचं किनाऱ्याकडे.

वाळूत मी दहापैकी नऊ वेळा उठलो. वाटलं, आपल्याला जमतंय की!

१२:२० – पहिला दिवस: शून्य

दीड तासात मी २२ लाटा घेतल्या. उभा राहिलो त्यातल्या शून्य लाटांवर.

का, ते सांगतो. माझ्यासोबत एक नववीतली मुलगी शिकत होती, ती तिसऱ्या लाटेवर उभी. मी मात्र दर वेळी आधी एका गुडघ्यावर यायचो, मग खाली पायांकडे बघायचो, मग धप्प. अण्णा ओरडायचे, "खाली काय शोधतोयस? पैसे पडलेत का?"

यात एक गंमत आहे. डोकं जड असतं. नजर खाली गेली की डोकं खाली, डोकं खाली गेलं की वजन पुढे, आणि फळीचं नाक पाण्यात घुसतं. हे मला वाळूत दहा वेळा सांगितलं होतं, मला समजलंही होतं. पण समजणं आणि शरीराला कळणं यात फार अंतर आहे. आपण कोडवाले लोक डॉक्युमेंटेशन वाचलं की काम झालं समजतो. इथे वाचून काही होत नाही. शिवाय मोठेपणी आपण न येणाऱ्या गोष्टी चारचौघांत करणंच सोडून दिलेलं असतं. ऑफिसात मला कुणी 'पुन्हा कर' म्हणून कधी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी २२ वेळा सांगितलं.

आता पडण्याबद्दल, कारण सुरुवातीला तेच जास्त करायचंय:

– डोक्यावर सूर मारायचा नाही, कधीच नाही. पाणी कमरेइतकंच असतं आणि खाली वाळू कडक असते. मानेला इजा होते ती अशीच.
– फळीच्या बाजूला, अंग सैल सोडून, पसरून पडायचं.
– वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती. फळी कुठे आहे ते तुम्हाला माहीत नसतं.
– फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे धरायची नाही. लाट ती तुमच्या दातांवर आणेल. फळी बाजूला ठेवा.

दुपारी गोळी बजे आणि चहा घेताना हात कपाला धरवत नव्हता. खांदे, बरगड्या, गुडघे, सगळं सोललेलं. पुढच्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घातला. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच घाला.

१५:३० – तीन सेकंद

दुसऱ्या दिवशी मी एकच गोष्ट बदलायची ठरवली. बग शोधताना आपण एका वेळी एकच बदल करतो ना, तसं. पाय, हात, कंबर, सगळं विसरायचं. फक्त किनाऱ्यावरच्या दोन उंच माडांकडे बघायचं.

इथे अजून एक हिशोब सांगतो. एक मीटर खोल पाण्यात लाट ताशी ११ किलोमीटरच्या आसपास धावते. माझ्यासारखा माणूस फळीवर झोपून हाताने वल्हवतो तो त्याच्या निम्म्या वेगानेही नाही. म्हणून सुरुवातीला शिक्षक मागून ढकलतात. म्हणजे लाट आणि तुम्ही यांच्या वेगातला फरक ते भरून काढतात. चालत्या एसटीत चढायचं तर आधी तिच्याबरोबर धावावं लागतं, तेच तत्त्व. पुढे न फुटलेल्या लाटेवर हेच काम लाटेचा उतार करतो, पण ती योग्य जागी आणि योग्य क्षणी गाठावी लागते. ते शिकायला वर्षं जातात.

सातवी लाट. अण्णांनी ढकललं, फेसाचा आवाज मागून आला, माडांकडे बघितलं, आणि उठलो. खरंच उठलो. तीन सेकंद असतील. फळीखाली पाणी सळसळताना ऐकू येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग पडलो, नाकात पाणी गेलं, आणि मी एकटाच हसत होतो.

तिसऱ्या दिवसाअखेर पाचातल्या दोन लाटांवर उभा राहायला लागलो. आणि इथेच माझं डोकं फिरलं.

१८:१५ – चौथ्या दिवसाची संध्याकाळ

हा भाग नीट ऐका.

अण्णांनी सांगितलं होतं, संध्याकाळी एकट्याने जायचं नाही. मी एका दुकानातून फळी भाड्याने घेतली आणि गेलो. किनाऱ्यावर दोन-चार माणसं. समोर दोन ठिकाणी पांढऱ्या लाटा फुटत होत्या, आणि मधे एक पट्टा अगदी शांत, जरा गडद रंगाचा. मी विचार केला, इथून आत जाणं सोपं.

तो शांत पट्टा म्हणजे रिप करंट होता.

त्याचं काम कसं चालतं ते सांगतो. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. पाण्याखाली वाळूचे बांध असतात, त्यांच्यामधे जिथे खोलगट वाट सापडते तिथून ते एका अरुंद धारेने वेगात आत जातं. शेतात पावसाचं पाणी बांधाच्या फुटलेल्या जागेतून निघतं, तसंच. तिथे खोली जास्त म्हणून लाटा फुटत नाहीत, म्हणून ती जागा शांत दिसते. म्हणजे पोहता न येणाऱ्या माणसाला सगळ्यात सुरक्षित वाटणारी जागाच सगळ्यात धोक्याची. रिपचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला एक-दोन फूट असतो, पण आठ फुटांपर्यंतही मोजला गेलाय. त्या वेगापुढे ऑलिंपिकचा जलतरणपटूही हरेल.

मी आत गेलो, फार मजेत गेलो. मागे वळून बघितलं तर माड लहान झाले होते. किनाऱ्याकडे वल्हवायला लागलो. पाच मिनिटं, जीव खाऊन. माड तेवढेच. अजून वल्हवलं. माड अजून लहान. हात शिशाचे झाले. ओरडलो, पण लाटांच्या आवाजात मलाच ऐकू आलं नाही.

खरं सांगू? त्या वेळी मला आत्याचं अंगण दिसलं. तिथे बसलेली माणसं दिसली.

मग अण्णांचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं, वाळूत बसून ऐकलेलं, जे मला वेळ घालवणं वाटलं होतं. रिप तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त लांब नेतो. बुडतात ती बहुतेक माणसं त्याच्याशी झुंजून थकल्यामुळे. म्हणून:

– थांबा. तरंगा. श्वास घ्या. फळी असेल तर ती सोडू नका, तीच तुमची होडी आहे.
– किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं जा. ही धार अरुंद असते.
– जिथे पांढऱ्या लाटा फुटतायत तिकडे जा. त्या लाटा किनाऱ्याकडे जातात, त्याच तुम्हाला नेतील.
– आडवं जाणंही जमत नसेल तर तरंगत राहा आणि एक हात वर करून हलवा. पुढे गेल्यावर धार विरते.

मी फळीवर छाती टेकून पडून राहिलो. तीस श्वास मोजले. मग उजवीकडे, पांढऱ्या पाण्याकडे, आडवं वल्हवलं. दोन-तीन मिनिटांत ओढ संपली. पहिल्या फेसाने फळीला मागून धक्का दिला तेव्हा उभं राहायचा विचारही आला नाही. पोटावर झोपून, कडा घट्ट पकडून, सरळ वाळूपर्यंत आलो.

वाळूत अण्णा उभे होते. कुणीतरी त्यांना बोलावून आणलं होतं, ते दुसरी फळी घेऊन पाण्यात उतरण्याच्या बेतात होते. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते एवढंच म्हणाले, "तुला पोहता येतं. समुद्र वाचता येत नाही. उद्या साडेसहाला ये." आणि निघून गेले.

त्या रात्री मी जेवलो नाही. पण सकाळी साडेसहाला गेलो. शेवटच्या दिवशी पहिला अर्धा तास आम्ही पुन्हा वाळूत बसलो, आणि मी बोट दाखवून सांगत होतो: इथे बांध आहे, इथे वाट आहे, इथून जायचं नाही.

२३:०० – तुम्हाला जायचं असेल तर

आधी पोहायला शिका. कमरेइतक्या पाण्यात पोहता न येणाऱ्यांनाही काही ठिकाणी शिकवतात, पण स्वतःला पाण्यात शांत ठेवता येणं हा पाया आहे.

पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यातला अरबी समुद्र आपल्यासाठी नाही. मुलकीशिवाय गोव्यात मोरजी-अश्वे, केरळात वर्कला, तमिळनाडूत चेन्नईजवळचं कोवलम आणि महाबलिपुरम इथेही शिकायला मिळतं. तळ वाळूचा आहे ना, शिक्षकाला जीव वाचवण्याचं प्रशिक्षण आहे ना, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

आणि एक शिस्त. लाट ज्या जागी आधी फुटते त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याच्या लाटेत घुसायचं नाही. स्थानिक कोळ्यांची जाळी आणि होड्या असतील तिथून लांब राहायचं. तो समुद्र त्यांचं पोट आहे, आपला वीकेंड नंतर.

सर्फिंग टोकियोच्या खेळांपासून ऑलिंपिकमध्ये आलंय, त्यामुळे रील्स खूप दिसतील. त्या बघून वयाचा विचार करू नका. पण माझ्यासारखी तीन दिवसांत हवा डोक्यात जाऊ देऊ नका.

२५:४० – शेवट

परत आल्यावर दोन आठवड्यांनी आईला खरं सांगितलं. फोनवर नाही, घरी जाऊन, ती भाकऱ्या थापत असताना. रिपचंही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढली.

मग विचारलं, "दोरी बांधली होती का?"

म्हटलं, "हो. पायाला."

"बांधत जा," म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही मोठेपणी एखादी गोष्ट पहिल्यापासून शिकला असाल, पोहणं, सायकल, तबला, काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि कुणी मित्र समुद्रावर चालला असेल तर त्याला हा भाग अठराव्या मिनिटापासून तरी ऐकवा. भेटू!